पुरुषांच्या जननेंद्रियावरचे त्वचाविकार: आधी निदान, मग मलम

लिंगावर, अंडकोषावर किंवा जांघेत काही उठलं की बरेच पुरुष महिनोन्महिने कुणाला दाखवत नाहीत. उरलेले औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणून लावायला सुरुवात करतात. दुसऱ्या प्रकारात नुकसान जास्त होतं. ती ट्यूब बहुतेक वेळा मिश्र मलमाची असते. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तिन्ही औषधं त्यात एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि औषध लागू पडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आजाराचं रूप तेवढं पुसलं जातं. महिन्याभराने डॉक्टरकडे गेल्यावर समोर जे दिसतं ते मूळ दुखण्यापेक्षा वेगळंच असतं, आणि ओळखायलाही अवघड. म्हणून या लेखात ओळखीवर भर जास्त आहे. औषधांची मात्रा जिथे दिली आहे, ती निरोगी प्रौढांत सामान्यतः वापरली जाते ती. मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे आजार, रक्त पातळ करणारी औषधं, लहान मुलं, यांच्यासाठी हिशोब वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा.

आधी तातडीचं

तीन प्रसंगी वाट पाहायची नाही.

पहिला: अंडकोषाच्या किंवा गुदद्वाराच्या आसपास अचानक तीव्र वेदना, वाढत जाणारी सूज, ताप, कातडी जांभळी-काळपट पडणं, दाबल्यावर आत कुरकुर जाणवणं. हा फोर्निए गँग्रीन असू शकतो. सुरुवातीला वरून फारसं काही दिसत नाही, वेदना मात्र दिसणाऱ्या खुणांच्या मानाने फारच जास्त असते. हा संसर्ग तासातासाला पसरतो. केवळ गोळ्या-इंजेक्शनांनी तो आटोक्यात येत नाही, सडलेला भाग शस्त्रक्रियेने तातडीने काढावा लागतो. मधुमेह असलेल्यांना धोका जास्त.

दुसरा: मागे ओढलेली पुढची कातडी पुन्हा पुढे येत नाही आणि बोंड सुजत चाललं आहे. कातडीचा कडा आवळपट्टीसारखा बसतो, रक्त परत फिरत नाही, सूज आणखी वाढते. ताबडतोब करता येण्यासारखं एकच आहे. बोंड आणि सुजलेली कातडी मुठीत धरून पाच-दहा मिनिटं सलग, घट्ट दाबून ठेवायची, म्हणजे सूज उतरते. मग दोन्ही अंगठ्यांनी बोंड मागे ढकलत बाकीच्या बोटांनी कातडी पुढे आणायची. जमलं नाही, वेदना सहन होत नसल्या किंवा बोंडाचा रंग काळपट होऊ लागला, तर थेट तातडीचा विभाग गाठायचा. लघवीची नळी घातल्यानंतर कातडी पुढे आणायची राहून गेल्यामुळे हा प्रकार रुग्णालयातच घडलेलाही दिसतो. नळी घालणाऱ्याने हे विसरता कामा नये.

तिसरा: नवं औषध सुरू झाल्यावर लिंगावर फोड येणं आणि त्याचबरोबर तोंडात, डोळ्यांत किंवा अंगभर फोड किंवा सोलवटलेली कातडी. औषध त्याच क्षणी बंद करून रुग्णालयात जायचं.

जे आजारच नाहीत

चिंतेने आलेल्या कितीतरी जणांना औषधाची गरजच नसते. बोंडाच्या कडेने एक-दोन रांगांत बसलेले, एकसारखे, एक-दोन मिलिमीटरचे कातडीच्या रंगाचे किंवा किंचित पांढरट दाणे म्हणजे मोतीदाणे. तारुण्यात ते उठून दिसतात, संसर्गजन्य नसतात आणि चामखीळही नसतात. दोन्हींतला फरक असा: मोतीदाणे शिस्तीत ओळीने बसतात, आकाराने सारखे असतात आणि वाढत नाहीत. चामखीळ कुठेही उगवते, आकार वेडावाकडा असतो, पृष्ठभाग खडबडीत असतो आणि महिन्याभरात संख्या बदलते.

लिंगाच्या दांड्यावर कातडी ताणली की दिसणारे पिवळसर बारीक ठिपके म्हणजे तैलग्रंथी. अंडकोषावरचे लाल-जांभळे बारीक ठिपके, जे वयाबरोबर वाढतात आणि ओरखडा बसला की बरंच रक्त देतात, ते रक्तवाहिन्यांचे फुगे असतात. उपचार फक्त रक्त येत असेल किंवा फारच खटकत असेल तर. अंडकोषाच्या कातडीखालच्या टणक पांढरट गाठी बहुतेकदा साध्या पुटी (सिस्ट) असतात. त्या घरी दाबून फोडायच्या नाहीत, पू होतो. (कातडीतली गाठ वेगळी आणि आतल्या वृषणाला लागलेली गाठ वेगळी. दुसरी असेल तर सोनोग्राफी हवीच.)

लहान मुलांची पुढची कातडी मागे जात नाही हेही नैसर्गिक आहे. ती वर्षागणिक आपोआप सुटते, काहींची वयात येईपर्यंत. जबरदस्तीने ओढली की चिरते, चिरल्यावर व्रण धरतो आणि मग खरोखरची आकसलेली कातडी तयार होते.

पाहायचं कसं

तपासणी चांगल्या उजेडात. क्रम असा ठेवावा:

१. पुढची कातडी पूर्ण मागे घेऊन बोंड, त्यामागची खाच, खालची शीर (बोंडाला कातडीशी जोडणारी पट्टी) आणि लघवीचं छिद्र पाहायचं. कातडी मागे जात नसेल तर तीही एक नोंदच आहे.
२. दांडा, अंडकोषाचा पुढचा आणि मागचा भाग, जांघेचे दोन्ही पट, नितंबांमधली फट.
३. मग बाकीचं शरीर: तोंडाचा आतला भाग, डोक्याची टाळू, कोपरं, गुडघे, नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, तळपाय. निम्म्या निदानांचा धागा इथे सापडतो. लिंगावर नुसता लाल चट्टा आहे, पण नखांवर बारीक खळगे आणि कानामागे कोंडा असेल, तर सोरायसिसचा संशय पक्का होतो.
४. जांघेतल्या गाठी चाचपायच्या. दुखतात का, एका बाजूला की दोन्हीकडे.

प्रश्नही ठरलेले आहेत. कधी सुरू झालं, खाज की वेदना, त्याच जागी पूर्वी आलं होतं का, आधीच्या आठवड्यात कोणती गोळी घेतली, काय काय लावलं, संबंध शेवटचा कधी आणि निरोध होता का, घरात आणखी कुणाला खाज आहे का, साखर कधी तपासली. डॉक्टरकडे जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्याव्यात, रिकाम्यासुद्धा. चट्टा येतो-जातो अशा तऱ्हेचा असेल तर तो असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तपासणीच्या दिवशी तो हमखास गायब असतो.

ही कातडी वेगळी का

अंडकोषाची कातडी फार पातळ असते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या मोजमापात, हातावर लावलेल्या हायड्रोकॉर्टिसोनच्या तुलनेत अंडकोषावरून जवळपास ४० पट औषध शरीरात शिरलं होतं. जांघेत दोन कातड्या एकमेकींना चिकटून राहतात, घाम अडकतो, म्हणजे पट्टी बांधून औषध लावल्यासारखा परिणाम होतो. पुढच्या कातडीखालीही तेच. त्यामुळे कोपराला चालणारं तीव्र स्टेरॉइड इथे काही आठवड्यांत कातडी झिरझिरीत करतं, लाल शिरा दिसू लागतात, जांघेत कायमचे ताणवळ उठतात.

याचा सर्वांत चिवट परिणाम म्हणजे लालबुंद, सतत जळजळणारा अंडकोष. मलम लावलं की बरं वाटतं, थांबवलं की दुपटीने आग होते, म्हणून पुन्हा मलम. इथे उपचार म्हणजे स्टेरॉइड पूर्ण थांबवणं. पहिले काही आठवडे त्रास वाढतो हे रुग्णाला आधी सांगितलं नाही, तर तो आठवड्याच्या आत ट्यूबकडे परततो. मधल्या काळात थंड पाण्याच्या घड्या आणि साधं पेट्रोलियम जेली चालतं. टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं दाहशामक मलम, काहींना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, काहींना गॅबापेंटिन हे मज्जातंतूंची आग कमी करणारं औषध देतात.

स्टेरॉइड वाईट नाही. कोणतं, कुठे, किती आणि किती दिवस, या चार गोष्टी लिहून दिल्या नसतील तर ते वापरू नये. मोजण्यासाठी बोटाच्या शेवटच्या पेरावरची मलमाची रेघ धरतात. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. बोंड आणि पुढची कातडी यांना एवढंही लागत नाही, वाटाण्याच्या दाण्याएवढं पुरतं.

बोंडाचा आणि पुढच्या कातडीचा दाह

लाली, चुरचुर, पांढरा चिकट थर, वास, कातडी मागे घेताना दुखणं. अशा तक्रारीवर सरसकट ‘फंगल इन्फेक्शन’ असं लिहून टाकण्याची पद्धत आहे. खरं तर बुरशी हे एक कारण झालं. साबणाने, घासण्याने आणि अडकलेल्या ओलीने होणारा नुसता चिडलेपणा त्याहून कमी नाही.

चिडलेपणाचा रुग्ण ओळखायला सोपा आहे. तो फार स्वच्छ असतो. दिवसातून तीन-चार वेळा साबण, वर जंतुनाशक द्रव, ओले सुगंधी टिश्यू, कधी खोबरेल तर कधी टी-ट्री तेल. जितकं धुतो तितकं जळतं आणि जितकं जळतं तितकं धुतो. ओल्या टिश्यूंतला मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा परिरक्षक, सुगंध, निरोधाचं लॅटेक्स, शुक्राणुनाशक आणि मलमांतलं निओमायसिन यांची खरी ॲलर्जीही होऊ शकते. पुन्हा पुन्हा होत असेल तर पाठीवर पॅच टेस्ट करून घ्यावी. इथे उपचाराचा मोठा भाग म्हणजे बंद करणं:

दिवसातून एकदा, कातडी मागे घेऊन, नुसत्या कोमट पाण्याने धुवायचं. साबणच हवा असेल तर त्याऐवजी पाण्यात मिसळणारं बिनसुगंधी मऊ मलम. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. कातडी पुढे आणायची. दाह जास्त असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून एकदा-दोनदा, सात ते दहा दिवस, त्याहून पुढे नाही.

कँडिडा बुरशीत लाल पृष्ठभागावर बारीक पुळ्या किंवा पांढरे पापुद्रे दिसतात, कधी पुढच्या कातडीच्या टोकाला उभ्या बारीक चिरा पडतात. चिरा पडल्या की साखर तपासायचीच. उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), दोन्हीपैकी काहीही. मधुमेहाचं पहिलं निदान याच तक्रारीतून होणं अजिबात दुर्मिळ नाही. आणि मधुमेह आधीच माहीत असेल तर गोळ्यांची यादी बघावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणजे पुढच्या कातडीखाली बुरशीला रोजचं खाद्य मिळतं. पण तेवढ्यासाठी ती स्वतःहून बंद करायची नाहीत, हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी ती मोलाची आहेत. लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपणं एवढ्यानेच बऱ्याच जणांचं भागतं. तरीही वारंवार होत राहिलं तर ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याशी बोलावं.

उपचार: क्लोट्रिमाझोल १ टक्का किंवा मायकोनाझोल २ टक्के, दिवसातून दोनदा, ७ ते १४ दिवस. त्रास जास्त असेल तर फ्लुकोनाझोल १५० मिग्रॅ तोंडाने एकदाच. फ्लुकोनाझोलचं वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) आणि इतर बऱ्याच औषधांशी जुळत नाही, म्हणून डॉक्टरला न विचारता घ्यायचं नाही. जोडीदाराला खाज किंवा पांढरा स्राव असेल तर त्यांचाही त्याच वेळी उपचार. स्वॅबमध्ये कँडिडा उगवली म्हणजे आजार तिचाच असं मात्र नाही. निरोगी कातडीवरही ती राहू शकते. अहवाल आणि चित्र जुळलं पाहिजे.

दुर्गंधी, पातळ पिवळसर स्राव आणि पुढच्या कातडीची सूज असेल तर प्राणवायूविना वाढणारे जिवाणू असण्याची शक्यता अधिक. मेट्रोनिडाझोल ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस. लालभडक आणि दुखरा दाह असेल, विशेषतः मुलांत, तर स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकसचा विचार करून आधी स्वॅब घ्यावा आणि मग प्रतिजैविक.

दोन आठवड्यांच्या योग्य उपचाराने दाह बसला नाही, तर दुसरं बुरशीनाशक शोधत बसू नये. निदानच चुकलं आहे असं धरून पहिल्यापासून पाहावं.

लायकेन स्क्लेरोसस: सर्वांत जास्त निसटणारा आजार

तिशी-चाळिशीतला पुरुष सांगतो की पूर्वी कातडी सहज मागे जायची, आता आवळल्यासारखी वाटते. संबंधांच्या वेळी चिरते. मधूनमधून बुरशीची मलमं चालू आहेत. पाहिलं तर पुढच्या कातडीच्या टोकाशी पांढरट, कडक कडं तयार झालेलं. बोंडावर पांढरे चट्टे, कातडी सिगारेटच्या कागदासारखी चुरगळलेली, कुठे कुठे रक्ताचे ठिपके. पुढे खालची शीर आखडते, बोंड आणि कातडी चिकटतात, लघवीचं छिद्र लहान होतं, धार पातळ होते किंवा फाटते. लघवीच्या मार्गाच्या नळीच्या आतही आकुंचन जाऊ शकतं.

प्रौढ वयात नव्याने कातडी आवळू लागली, तर हा आजार नाही असं सिद्ध होईपर्यंत तो आहेच असं धरावं. जन्मतःच सुंता झालेल्या पुरुषांत तो क्वचितच दिसतो, त्यामुळे बंद कातडीखाली साचून राहणाऱ्या लघवीच्या थेंबांचा त्यात मोठा हात आहे असं आता बरेच तज्ज्ञ मानतात. त्यातूनच एक बिनखर्चाचा उपाय निघतो. लघवी झाली की अंडकोषाच्या मागे बोटांनी दाबत नळी पुढच्या दिशेने पिळायची, उरलेले थेंब बाहेर काढायचे, टिपायचं आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावायचा. दर वेळी.

औषध म्हणजे क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के. हो, तेच अतितीव्र स्टेरॉइड, ज्यापासून वर सावध केलं. फरक एवढाच की इथे निदान पक्कं आहे, जागा मोजकी आहे आणि मुदत ठरलेली आहे. रात्री एकदा, फक्त पांढऱ्या आणि कडक भागावर, एक ते तीन महिने. मग दिवसाआड, पुढे आठवड्यातून दोनदा. अंडकोषावर आणि जांघेत जाऊ द्यायचं नाही. तीन महिन्यांत ३० ग्रॅमपेक्षा जास्त संपत असेल तर जास्त लावलं जातं आहे. पहिल्यांदा पाहायचं ते चार आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी. कातडी मोकळी होऊन मागे जाऊ लागली तर उत्तम. नाही तर सुंता, आणि तिच्यासाठी वर्षभर ताटकळू नये, कारण शस्त्रक्रिया लवकर झाली तर बहुतेक जण त्यातच बरे होतात. काढलेली कातडी तपासणीला पाठवायचीच, टाकून द्यायची नाही. छिद्र किंवा नळी आकसली असेल तर मूत्ररोगतज्ज्ञ.

या आजारात लिंगाच्या कर्करोगाचा धोका थोडा पण खरा असतो. म्हणून बरं झाल्यावरही वर्षातून एकदा तपासणी, आणि मध्ये कधीही जाड गाठ, न भरणारी जखम किंवा रक्त दिसलं तर लगेच.

लाल आणि जांभळे चट्टे

सोरायसिस इथे फसवतो, कारण त्याची चांदीसारखी खपली ओलाव्यामुळे दिसतच नाही. कड रेखीव, रंग गर्द लाल, पृष्ठभाग गुळगुळीत. सौम्य ते मध्यम स्टेरॉइड दोन-चार आठवडे आणि नंतर टॅक्रोलिमस ०.१ टक्का हा ठरलेला मार्ग. टॅक्रोलिमस पहिले चार-पाच दिवस जळजळतं, ते आधी सांगावं. लायकेन प्लॅनसमध्ये जांभळे, चपटे, चकचकीत दाणे येतात आणि बोंडावर त्यांचं कडं होतं. गालाच्या आतून पांढरी जाळी दिसली की निदान झालं.

उतारवयात, सुंता न झालेल्या पुरुषाच्या बोंडावर नारिंगी-लाल, ओलसर चकाकणारा चट्टा आणि समोरासमोर पुढच्या कातडीच्या आतही तसाच, फारसा त्रास नाही: हा झूनचा दाह. याचा आणि कर्करोगपूर्व चट्ट्याचा चेहरा इतका सारखा असतो की डोळ्यांवर विसंबू नये, तुकडा तपासावा. सुंतेने तो जवळजवळ नेहमी जातो.

जांघेतला गजकर्ण

कड उठावदार, खवल्यांची, मध्ये साफ होत जाणारी, मांडीच्या आतल्या बाजूने पसरणारी गोल नक्षी. अंडकोष बहुधा सुटतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण कँडिडा मात्र अंडकोषालाही धरते आणि मुख्य चट्ट्याभोवती सुट्या पुळ्या टाकते. जांघेत तपकिरी, सपाट, न खाजणारा पट्टा असेल आणि वुड दिव्याखाली (अतिनील प्रकाशाचा दिवा) पोवळ्यासारखा लाल चमकला, तर तो एरिथ्रास्मा नावाचा जिवाणूंचा आजार. त्याला बुरशीनाशक गोळ्या नव्हे, क्लिंडामायसिन लोशन लागतं.

स्टेरॉइड लावलेला गजकर्ण मात्र कुठलाच नियम पाळत नाही. कडेच्या आत आणखी कडी उठतात, लिंगावर आणि अंडकोषावर चढतो, पुळ्या येतात. कडेवरचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर धागे दिसतात. काही मिनिटांची चाचणी आहे, पण आधीच्या आठवड्यात बुरशीनाशक लावलं असेल तर ती खोटी कोरी (निगेटिव्ह) येऊ शकते.

मलम लावताना कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, बाहेरून आत. टर्बिनाफिन १ टक्का रोज, किमान दोन आठवडे, किंवा अझोल गटातलं (क्लोट्रिमाझोलसारखं) मलम दिवसातून दोनदा चार आठवडे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर पुढे. पसरलेला किंवा स्टेरॉइडने बिघडलेला असेल तर टर्बिनाफिन किंवा इट्राकोनाझोलच्या गोळ्या लागतात. हृदय कमजोर असेल तर इट्राकोनाझोल द्यायचं नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीत टर्बिनाफिनला न जुमानणारे प्रकार बरेच सापडतात, त्यामुळे नीट घेतलेल्या औषधाने फरक पडला नाही तर मात्रा वाढवत बसण्याऐवजी औषध बदलावं.

परत येण्याची कारणं साधी असतात. पायाच्या बेचक्यांतली बुरशी तशीच राहिलेली. तिचाही उपचार करायचा आणि ती बरी होईपर्यंत कपडे घालताना आधी मोजे, मग अंतर्वस्त्र, म्हणजे पायावरची बुरशी जांघेत ओढली जात नाही. टॉवेल एकाचा एकालाच.

खरूज

रात्री वाढणारी खाज, घरात आणखी कुणीतरी खाजवणारं आणि लिंगावर किंवा अंडकोषावर वाटाण्याएवढ्या लालसर टणक गाठी. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की दुसरं निदान शोधायची फारशी गरज उरत नाही.

पर्मेथ्रिन ५ टक्के मलम रात्री, कोरड्या आणि थंड कातडीवर, मानेपासून तळपायापर्यंत. प्रौढाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. नखांखाली, बेंबीत, नितंबांच्या फटीत, बोंडावर आणि पुढच्या कातडीखालीही. हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. ८ ते १४ तासांनी आंघोळ. सात दिवसांनी हेच पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी आणि जोडीदाराने त्याच रात्री, खाज असो वा नसो. मागच्या तीन दिवसांतले कपडे आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवायच्या, धुता न येणाऱ्या वस्तू बंद पिशवीत किमान तीन दिवस. उपचार फसतो तो औषध निकामी असल्याने कमी आणि एका माणसाने न लावल्याने जास्त.

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते आणि गाठी काही महिने. ते औषधाचं अपयश नव्हे. तेवढ्यासाठी पर्मेथ्रिन रोज चोळलं तर नवा दाह तयार होतो.

गोळीने उठणारा डाग

बोंडावर गोल, लाल-जांभळा चट्टा, जळजळ, कधी मध्ये फोड. आठ-दहा दिवसांत बरा होतो आणि करडा डाग मागे ठेवतो. काही महिन्यांनी नेमका त्याच जागी पुन्हा उठतो. लोक याला संसर्ग समजून जोडीदारावर संशय घेतात, आणि त्यातून संसारात उगाच वादळ होतं. कारण असतं गोळी: कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, आयब्युप्रोफेन आणि त्या गटातल्या वेदनाशामक, मेट्रोनिडाझोल, आणि गंमत म्हणजे या तक्रारीवर दिलं जाणारं फ्लुकोनाझोलसुद्धा. गोळीनंतर अर्ध्या तासापासून एक-दोन दिवसांत चट्टा येतो. दोन-तीन वेळच्या तारखा आणि गोळ्यांची नावं शेजारी शेजारी लिहिली की उत्तर बहुधा सापडतं. त्या औषधाचं नाव पाकिटातल्या चिठ्ठीवर कायमचं लिहून ठेवावं आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावं.

व्रण आणि फोड

एकत्र जमलेले बारीक पाणीदार फोड, फुटून दुखऱ्या उथळ जखमा: हर्पिस. फोडाच्या तळाचा स्वॅब पीसीआरसाठी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पाठवला तर निदान पक्कं होतं. पहिल्या वेळी ॲसिक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत सुरू. पुढच्या वेळी पाच दिवस. वर्षाला सहा किंवा जास्त वेळा होत असेल तर रोज दोनदा ४०० मिग्रॅ प्रतिबंधासाठी. ॲसिक्लोव्हिर मलमाचा इथे जवळजवळ उपयोग नाही.

एकच, न दुखणारा, तळाशी टणक व्रण आणि जांघेत न दुखणाऱ्या गाठी: सिफिलिस. संबंधांनंतर ९ ते ९० दिवसांत, बहुधा तीन आठवड्यांनी येतो. दुखत नाही म्हणून दाखवला जात नाही, आणि उपचार न करताही भरतो म्हणून विसरला जातो. आजार मात्र आत चालूच राहतो. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात कोरी येऊ शकते, तेव्हा टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी जोडून करावी आणि दोन-चार आठवड्यांनी पुन्हा. उपचार बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही नितंबांत अर्धं अर्धं, एकाच दिवशी. त्या रात्री ताप आणि अंगदुखी येऊ शकते. ती मरणाऱ्या जंतूंवरची प्रतिक्रिया असते, पेनिसिलिनची ॲलर्जी नव्हे. सहा आणि बारा महिन्यांनी व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणीचं टायटर (प्रतिपिंडांची पातळी) किमान चौपट उतरलेलं दिसलं पाहिजे.

मऊ, फार दुखणारा, पू असलेला व्रण असेल तर शँक्रॉइड या संबंधांतून पसरणाऱ्या जिवाणूंच्या आजाराचा विचार, ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच. मध्ये खळगा असलेले टणक फोड, ताप आणि सुजलेल्या गाठी असतील तर एमपॉक्स. २०२२च्या साथीत बऱ्याच रुग्णांचे पहिले फोड जननेंद्रियावरच होते.

कुठलाही व्रण असो, एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी त्याच भेटीत. निदान होण्यापूर्वी प्रतिजैविकांचा मिश्र कोर्स घेतला तर दोन्हींची वाट लागते, चाचणीची आणि उपचाराची.

चामखीळ

जननेंद्रियावरच्या दहांपैकी नऊ चामखिळी एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे असतात, आणि हे प्रकार कर्करोगाचे नव्हेत. द्रव नायट्रोजनने गोठवणं दर एक-दोन आठवड्यांनी. घरी लावण्यासाठी पोडोफायलोटॉक्सिन ०.५ टक्के, दिवसातून दोनदा तीन दिवस, मग चार दिवस विश्रांती, अशा चार फेऱ्यांपर्यंत. किंवा इमिक्विमोड ५ टक्के, आठवड्यातून तीन रात्री, सकाळी धुऊन टाकायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. पुढच्या कातडीखाली इमिक्विमोडने जोरदार सूज येऊ शकते, तिथे थोडंच लावावं. हातापायांच्या चामखिळींचं आम्ल इथे लावायचं नाही, खोल भाजतं. परत येणं सामान्य आहे, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत.

न हटणारा चट्टा आणि तुकडा तपासणं

योग्य उपचार चालू असूनही चार ते सहा आठवड्यांत न गेलेला लाल मखमली चट्टा, न भरणारी जखम, जाड होत जाणारा भाग किंवा वरचेवर येणारं रक्त यांचा तुकडा तपासायचाच. कर्करोगपूर्व अवस्थेत, म्हणजे पेशी बिघडल्या आहेत पण खाली उतरलेल्या नाहीत अशा वेळी, फ्लुरोयुरासिल किंवा इमिक्विमोड मलमाने, लेझरने किंवा थोडा भाग काढून लिंग शाबूत ठेवता येतं. वर्षभर मलमं बदलत बसल्यावर हा पर्याय हातातून जातो. धूम्रपान, जुनी आवळलेली कातडी, एचपीव्ही १६ आणि लायकेन स्क्लेरोसस यांनी कर्करोगाचा धोका वाढतो.

बायोप्सी या शब्दाची भीती असते, प्रत्यक्ष काम लहान आहे. जागा सुईने बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा गोल पात्याने काढतात, विरघळणारा एखादा टाका घालतात, पंधरा-वीस मिनिटांत घरी सोडतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, स्वतःहून थांबवायची नाही. स्टेरॉइड मलम शक्य असेल तर दोन आठवडे आधीपासून बंद ठेवावं, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखालचं चित्रही पुसट होतं. जखम भरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, संबंध नाहीत. आणि त्यानंतरही मलम चालू असेल तर हे ध्यानात ठेवायचं की तेलकट मलमं आणि पेट्रोलियम जेली लॅटेक्सचा निरोध कमकुवत करतात. अशा दिवशी मलम रात्री संबंधांनंतर धुऊन लावावं, किंवा पॉलियुरेथेनचा निरोध वापरावा.